टू-वे स्विच काढून एकच स्विच ठेवायचा आहे. खरंच भिंत फोडावी लागते का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे, इमारत १९९६ची. बेडरूमच्या दिव्याला टू-वे आहे, एक बटण दाराजवळ आणि एक पलंगाच्या उशाशी. आता उशाच्या भिंतीला छतापर्यंतचा वॉर्डरोब येतोय आणि पलंग समोरच्या भिंतीला जातोय. म्हणजे उशाचा बोर्ड कपाटामागे गडप. मला दाराजवळचं एक बटण पुरे आहे.

आमच्या बिल्डिंगमधली कामं करणारा इलेक्ट्रिशियन म्हणतो, "टू-वे काढायचा तर नवीन लाइन ओढावी लागेल, भिंत फोडायला लागली तर फोडू." सुतार म्हणतो, "मॅडम, टेप मारून आत ढकला, मी वरून प्लाय मारतो, कोणाला दिसतंय?" नवरा म्हणतो, राहू दे कपाटाच्या आत बटण, बिघडतंय काय. सासूबाई म्हणतात, टू-वे घालवू नका, साठीनंतर कळेल.

प्रश्न असा की खरंच वायर नव्याने ओढावी लागते का? आणि दाराजवळचा टू-वे स्विच काढून तिथे साधा लावावा लागेल की आहे तोच चालेल? मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर धरणार नाहीये, पण समोरचा काय सांगतोय ते कळावं एवढीच इच्छा.

गच्चीवरचा:
सुताराचं ऐकू नका. बाकी जाणकार येतीलच.

चहा_बिस्किट:
सासूबाईंना +१. पांघरुणातून उठून दाराशी जाऊन दिवा बंद करायचा आणि अंधारात चाचपडत परत यायचं, ही शिक्षा आहे.

खटपट_राव:
ताई, भिंत फोडायची काही गरज नाही.

टू-वे स्विचला मागे तीन स्क्रू असतात. मॉड्युलर स्विचमध्ये बहुतेक वेळा मधला कॉमन. एका स्विचच्या कॉमनला फेज, म्हणजे जिवंत वायर, येते, दुसऱ्याच्या कॉमनवरून वायर दिव्याला जाते. बाजूचे दोन-दोन स्क्रू एकमेकांना दोन वायरींनी जोडलेले. दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर गेली की विझतो. एवढाच खेळ आहे.

आता उशाचा स्विच काढायचा म्हणजे त्याच्या कॉमनला असलेली वायर आणि बाजूच्या दोनपैकी एक वायर, या कायमच्या जोडून टाकायच्या. उरलेली तिसरी वायर मोकळी करून तिचं तोंड बंद करायचं. दाराच्या बोर्डवरही तीच तिसरी वायर स्विचमधून काढून तोंड बंद. संपलं काम.

दाराचा स्विच बदलायची गरज नाही. टू-वेचे कॉमन आणि कुठलीही एक बाजू वापरली की तो साधाच स्विच. उलटं मात्र होत नाही, साध्या स्विचला दोनच स्क्रू असतात.

अर्धविराम:
इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये जिन्याची वायरिंग केली होती. लाकडी पाटावर, गोल बॅकेलाइटचे स्विच. जर्नलमधली आकृती अजून डोळ्यांपुढे आहे, घरचा फ्यूज मात्र बायको बदलते.

गच्चीवरचा:
@अर्धविराम, आणि गोडाऊन वायरिंग? एकेक दिवा लावत पुढे जायचं, मागचा आपोआप विझतो. सबमिशनशिवाय आयुष्यात कुठे भेटली नाही ती.

आबा_सांगलीकर:
खटपट रावांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण वायरिंग तशी असेल तर. मी वायरमनचं काम केलंय, आता थकलो. जुन्या घरांत आणखी एक प्रकार सापडतो, तो आधी सांगतो. त्यात हीच कृती केली तर भलतंच होईल.

दोन्ही बोर्डांवर सॉकेटसाठी फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) आलेली असतेच. मग एखादा कारागीर दोन बोर्डांमध्ये दोन वायरी ओढायचा कंटाळा करतो. प्रत्येक टू-वेच्या एका बाजूला तिथलीच फेज, दुसऱ्या बाजूला तिथलीच न्यूट्रल देतो, आणि दोन्ही कॉमन दिव्याच्या दोन टोकांना नेतो. दिवा लागतो, विझतो, घरमालक खूश. पण दिवा विझतो तेव्हा दोन्ही टोकांवर न्यूट्रल असेल किंवा दोन्ही टोकांवर फेज असेल. म्हणजे बटण बंद म्हणून ट्यूब काढायला स्टुलावर चढलात आणि पट्टीत पूर्ण २३० व्होल्ट वाट बघतायत. ही पद्धत घातक आहे, कुठे सापडली तर तिथल्या तिथे बंद करून घ्यावी.

अशा बोर्डवर "कॉमन आणि बाजूची एक" जोडायला गेलात तर ती एक कोणती यावर सगळं आलं. न्यूट्रलशी जोडली तर ठीक, मग उरलेल्या स्विचमधून न्यूट्रल काढायची आणि फक्त फेज ठेवायची, वायरिंग उलट सुधारते. फेजशी जोडली तर दिवा कायम फेजवर आणि बटण न्यूट्रल तोडतंय. आणि कुणी चुकून बाजूच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या तर थेट शॉर्ट.

ओळखायचं कसं? बोर्ड उघडून, जाणत्या माणसाने, टेस्टरने. दोन्ही बटणं आलटून पालटून दाबायची. बाजूच्या दोन स्क्रूंवरची फेज जागा बदलत असेल तर वायरिंग सरळ आहे. एकाच स्क्रूवर ती ठाण मांडून बसली असेल, कुठलंही बटण दाबा हलत नसेल, तर मी म्हणतो तो प्रकार. आणि टेस्टर नुसता मिणमिणला तर लगेच फेज समजू नका, शेजारच्या वायरीमुळेही तसा मिणमिणतो.

पिंपळपान:
आबा, दंडवत. वाचनखूण साठवली.

खटपट_राव:
आबा, मान्य. हा प्रकार मी ऐकून होतो, बघितला नव्हता. रानजाई, दोन्ही बोर्ड उघडून कुठल्या स्क्रूला कुठल्या रंगाची वायर आहे तेवढं लिहा. फोटो टाकलात तर सोन्याहून पिवळं.

चहा_बिस्किट:
रंगावरून काय कळणार? आमच्याकडे अर्थिंगला लाल वायर निघाली होती. ज्याने केलं तो म्हणाला, "मॅडम, हिरवा बंडल संपला होता."

अर्धविराम:
हे सगळं घरच्या घरी करणं कायद्यात बसतं का? नियम असा की वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं.

प्राध्यापक_नाही:
@अर्धविराम, नियमात सूट आहे. १९५६च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५व्या नियमात होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांतही तशीच आली. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला परवानाधारक लागत नाही, अट एवढीच की त्यामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. तुटलेला स्विच काढून तसाच दुसरा बसवला तर कुणी काही म्हणणार नाही. दोन ठिकाणचं नियंत्रण काढून एका ठिकाणी आणणं हा स्वरूपातला बदल म्हणायचा की नाही, यावर वकील मंडळी दोन दिवस घालवतील. माझ्या मते हो, बदल आहे, म्हणून वायरमन बोलवावा.

खटपट_राव:
सर, तीन वायरींपैकी एक कमी केली तर कसलं स्वरूप बदलतंय? लोड तोच, एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) तोच.

प्राध्यापक_नाही:
भिंतीतला जोड बदलतोय. आणि मी सर नाही, आयडी नीट वाचा.

म्हापसेकर:
आमचं म्हापशाजवळचं जुनं घर, बल्कांवातल्या (दाराबाहेरच्या बसायच्या ओट्यावरच्या) दिव्याला एक बटण बाहेरच्या दाराशी आणि एक आत सालात, म्हणजे दिवाणखान्यात. सगळी वायरिंग लाकडी पट्टीवरून, वायरीवर रबर आणि त्यावर कापडाचं वेष्टण. आतलं बटण काढूया म्हणून वायरमनाने वायर नुसती वाकवली आणि रबराचा भुगा पडला. मग ती वाकलेली जागा कापली, पुढची वाकवली, तिथेही तेच. शेवटी पूर्ण लाइन बदलली.

सांगायचं एवढंच की जुन्या घरात "एक वायर काढून टेप मारायची" हे काम तेवढंच राहील असं धरून चालू नका. तुमच्याकडे १९९६ म्हणजे पीव्हीसीच असणार, पण तांब्याची की अल्युमिनियमची ते बघा. अल्युमिनियम आणि तांबं एकत्र पिळून ठेवलं की जोड हळूहळू सैल होतो, तापतो, काळा पडतो.

गच्चीवरचा:
बल्कांवात बसून दिवा विझवायला आत का जायचं? बरोबर बटण ठेवलंत.

म्हापसेकर:
डास आले की आपोआप आत जातो, तेव्हा विझवतो.

सोलापुरी_चादर:
एक मुद्दा कुणीच मांडला नाही. घरात इन्व्हर्टर आहे का?

आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेला इन्व्हर्टर अजून आहे. प्रत्येक खोलीतला एक दिवा आणि एक पंखा त्या लाइनवर. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो इमानेइतबारे त्या लाइनला सप्लाय देतो. मेन बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद, आणि बेडरूमच्या बोर्डात फेज हजर. काम करायला आलेल्या मुलाला मी आधी सांगितलं म्हणून बरं, तो मेन पाडून सरळ पक्कड काढत होता. टेस्टर चालू सॉकेटवर पेटतो का ते आधी बघायचं, मग मेन पाडायचा, मग इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करायचं आणि मग तो टेस्टर या बोर्डवर लावायचा.

आबा_सांगलीकर:
शाब्बास. हे मीच लिहायला हवं होतं.

चहा_बिस्किट:
अवांतर: टू-वेचा खरा त्रास कुणी बोलतच नाही. वीज गेली की बटणाकडे बघून दिवा चालू होता की बंद ते कळत नाही. गावाला जाताना वीज नव्हती, आम्ही सगळी बटणं वर करून निघालो. वर म्हणजे बंद ना आपल्याकडे. टू-वेला वर-खाली काही नसतं. चार दिवस पॅसेजचा दिवा जळत होता आणि वॉचमनने सोसायटीभर केलं की यांच्याकडे पाहुणे आलेत.

जर्सीकर:
आमच्याकडे न्यू जर्सीत वर म्हणजे चालू. भारतात गेलो की पहिले दोन दिवस सगळ्या खोल्यांत उलटी बटणं दाबतो. टू-वेवर मात्र दोन्ही देशांत सारखाच गोंधळ.

इथे याच स्विचला थ्री-वे म्हणतात, त्यामुळे यूट्यूबवर बघताना अमेरिकन व्हिडिओ कुठल्या नावाने शोधायचा ते लक्षात ठेवा. कॉमनचा स्क्रू बाकीच्यांपेक्षा गडद रंगाचा असतो, मधला वगैरे भानगड नाही. इथे १२० व्होल्ट, काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल. हे बघून कुणी भारतातल्या बोर्डात हात घातला तर कल्याण, कारण आपल्याकडे काळी न्यूट्रल.

आणखी एक. जिन्यावरचा टू-वे इथे मनात आलं म्हणून काढता येत नाही. दोन मजल्यांमधल्या जिन्याला सहा किंवा जास्त पायऱ्या असतील तर प्रत्येक मजल्यावर स्विच हवाच, असं इथल्या विद्युत संहितेत आहे. बेडरूमला अशी सक्ती नाही. वर "सगळे टू-वे काढून टाका" म्हणणारं कुणी येण्याआधी सांगून ठेवतो, जिन्याला हात लावू नका.

थेम्सकाठ:
जिन्याबद्दल जर्सीकरांना दुजोरा, वेगळ्या कारणासाठी. इंग्लंडमधल्या जुन्या दुमजली घरांत खालचे दिवे एका सर्किटवर, वरचे दुसऱ्या. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल वरच्यातून घेतलेली सापडते, दोन बोर्डांमधली एक वायर वाचावी म्हणून. जुन्या फ्यूजबोर्डवर वर्षानुवर्षं काही कळत नाही. नवीन बोर्ड बसवला, प्रत्येक सर्किटला वेगळं गळती-संरक्षण (गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की लाइन तोडणारं) आलं, की जिन्याचा दिवा लावताच ट्रिप. लोक नव्या बोर्डला शिव्या देतात.

शिवाय खालचं सर्किट बंद केलंय म्हणून वरच्या न्यूट्रलला हात लावला तर तीही चटका देऊ शकते, कारण दुसऱ्या सर्किटचा करंट तिच्यातून वाहत असतो. भारतात बंगल्यांत वर-खाली वेगवेगळे एमसीबी आणि एक आरसीसीबी (हेच गळती-संरक्षण) असतो, तिथेही मजल्यांना वेगळे आरसीसीबी दिले तर हेच होईल.

पिंपळपान:
आमच्या रो-हाउसमध्ये नेमका जिन्याचा दिवा लावला की ३० मिलिअँपवाला आरसीसीबी पडतो! इलेक्ट्रिशियनने आतापर्यंत दिवा बदलला, होल्डर बदलला, आरसीसीबीसुद्धा बदलला. थेम्सकाठ, हा प्रतिसाद छापून त्याच्या हातात देते.

रानजाई:
बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. आज नवऱ्याने मेन पाडून दोन्ही प्लेट नुसत्या उघडल्या, काहीही न हलवता पाहिलं आणि मी लिहून घेतलं.

उशाच्या बोर्डवर एक टू-वे, एक साधा स्विच आणि एक पाच पिनांचं सॉकेट. टू-वेच्या मधल्या स्क्रूत दोन लाल वायरी, त्यातली एक वरच्या पाइपातून येते आणि दुसरी शेजारच्या सॉकेटच्या स्विचला जाते. एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला काळी. सॉकेटला वेगळी काळी आणि हिरवी आहे.

दाराच्या बोर्डवर टू-वेच्या मधल्या स्क्रूत एक निळी, ती वर छताकडे जाते. बाजूंना पिवळी आणि काळी. त्या बोर्डवर पंख्याचा स्विच आणि रेग्युलेटरही आहे, त्यांची लाल वायर वेगळी. सगळ्या वायरी तांब्याच्या. फोटो अपलोड होत नाहीये.

खटपट_राव:
वा! ताई, तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंत. मधल्या स्क्रूत दोन लाल आणि त्यातली एक सॉकेटच्या स्विचला, म्हणजे फेज आधी उशाच्या टू-वेच्या कॉमनला येते आणि तिथून सॉकेटला लूप घेतलंय (तिथूनच पुढे वायर जोडलीय). पिवळी आणि काळी या दोन बोर्डांमधल्या दोन वायरी. दारावरची निळी दिव्याला. म्हणजे सरळ वायरिंग, आबांनी सांगितलेला घातक प्रकार नाही. अर्थात टेस्टरने खात्री करूनच.

तर उशाशी लाल आणि पिवळी जोडायची, काळी सोडायची. दाराशी निळी आणि पिवळी स्विचवर राहतील, काळी काढायची.

अर्धविराम:
पिवळीच का? काळी जोडून पिवळी सोडली तर?

खटपट_राव:
दिवा तसाही लागेल. पण मग एका काळ्या वायरीत कायम फेज राहील. त्याच बोर्डात सॉकेटची खरी न्यूट्रलही काळी आहे. पुढे कुणी उघडलं, काळी म्हणजे न्यूट्रल असं धरलं, तर? टू-वे होता तोवर तो धोका होताच, आता घालवायची संधी आहे तर घालवा.

आबा_सांगलीकर:
बरोबर बोलला. आता पुढचं ऐका, कारण खरी अडचण इथे आहे. फेज उशाच्या डब्यातून दाराकडे जाते. म्हणजे तो डबा तुम्ही रिकामा करू शकत नाही. स्विच काढला तरी आत लाल-पिवळीचा जोड राहणार, कायम जिवंत. तो जोड प्लायमागे गाडायचा नाही. उद्या जोड सैल झाला तर बेडरूमचा दिवा जाईल आणि तुम्ही दाराचं बटण बदलत बसाल. वॉर्डरोब काढल्याशिवाय जोडापर्यंत हात जाणार नाही.

सुताराला सांगा, कपाटाच्या पाठीच्या प्लायला बोर्डाच्या मापाची खिडकी काप आणि वर स्क्रूने निघणारं झाकण दे. डब्यावर ब्लँक प्लेट. जोडाला टेप नको, स्क्रूची कनेक्टर पट्टी किंवा खटक्याचा कनेक्टर वापरा. टेपचा डिंक मुंबईच्या हवेत पाझरतो, काही वर्षांनी टेप हाताला चिकटून येते आणि उघडं तांबं दिसतं. त्या डब्यातलं सॉकेटही काढा. कपड्यांच्या ढिगात चार्जर लावून ठेवायची सोय नको.

सोलापुरी_चादर:
आबा, टेपबद्दल असहमत. आमच्या वाड्यात पिळून टेप मारलेले जोड आजोबांच्या काळापासून आहेत.

आबा_सांगलीकर:
आजोबांच्या काळात लाकडी पट्टी होती, उघडून बघता येत होतं. आणि तेव्हा पिळल्यावर डाग मारायचे (सोल्डर करायचे), हल्लीची पोरं नुसती दोन वेढे देतात.

प्राध्यापक_नाही:
त्या इलेक्ट्रिशियनची थोडी बाजू घेतो. "नवीन लाइन ओढावी लागेल" म्हणाला तेव्हा कदाचित त्याच्या डोक्यात हेच असेल, की कपाटामागे जोड ठेवायचा नाही, म्हणून छतावरच्या जंक्शनमधून (वायरींच्या जोडांच्या डब्यातून) फेज थेट दाराच्या बोर्डला आणायची. तसं केलं तर उशाचा डबा खरोखर मोकळा होतो. दाराच्या बोर्डवर पंख्यासाठी लाल वायर आहेच. ती त्याच एमसीबीवरची असेल आणि दिव्याची न्यूट्रलही त्याच सर्किटची असेल, तर तिथूनच लूप घेऊन दिव्याचा स्विच चालवता येईल, नवीन वायर इंचभरही लागणार नाही. उशाच्या बोर्डला येणारी लाल वरच्या जंक्शनमध्येच सोडवायची. पण भिंत फोडायचं कारण मलाही दिसत नाही, पाइप आहे तर वायर पाइपातून येते-जाते.

खटपट_राव:
हे माझ्या लक्षातच आलं नाही. रानजाई, हा मार्ग जास्त चांगला. उशाच्या बोर्डाची फेज वरूनच तोडली की कपाटामागे जिवंत काहीच उरत नाही. फक्त तीच लाल पुढे आणखी कुठे गेलेली नाही ना, हॉलच्या किंवा बाल्कनीच्या बोर्डला, ते तपासायला सांगा. नाहीतर बेडरूम सुधारायची आणि बाल्कनी अंधारात.

चहा_बिस्किट:
आणि सासूबाई?

कावेरी_कर:
मी तेच विचारायला लॉगिन केलं. तांत्रिक चर्चा छान आहे, पण पलंग समोरच्या भिंतीला जातोय तर टू-वे काढण्याऐवजी तिकडे हलवा ना. दाराच्या डब्यात तीन वायरी आहेतच, तिथून नव्या उशापर्यंत केसिंग-कॅपिंगने (भिंतीवरून जाणाऱ्या झाकणाच्या पट्टीतून) फेज आणि दोन वायरी न्यायच्या. भिंत फोडायला नको. पांढऱ्या भिंतीवर पांढरी पट्टी डोळ्यांत येत नाही.

माझी आई सत्तरीत रात्री उठायची, दिवा लावायला दारापर्यंत जाताना पायपुसण्यात पाय अडकून पडली, मांडीचं हाड मोडलं. त्या खोलीत उशाशी बटण नव्हतं. सासूबाई आज धडधाकट असतील. कपाट पंचवीस वर्षं राहणार आहे.

गच्चीवरचा:
यावर काही बोलायला जागा नाही.

जर्सीकर:
कावेरीताईंचं पटलं. पट्टी नको असेल तर बिनतारी बटणंही मिळतात, भिंतीला चिकटवायची, बटण दाबण्याच्या जोरावर चालणारी, त्यांना सेलसुद्धा लागत नाही. दाराच्या डब्यात एक छोटा रिसीव्हर बसतो. पण त्या रिसीव्हरला न्यूट्रल लागते, आणि भारतात स्विचच्या डब्यात न्यूट्रल असेलच असं नाही.

अर्धविराम:
पूर्वी पलंगाच्या दांडीला लोंबकळणारं नासपतीच्या आकाराचं बटण असायचं, आठवतंय का? झोपेत हाताला लागायचं आणि दिवा लागायचा.

म्हापसेकर:
ते अजून मिळतं. घेऊ मात्र नका, वायर तिथेच तुटते जिथे हात लागतो.

पिंपळपान:
मधेच येते, क्षमस्व. आमच्याकडे टू-वे काढून एक ठेवला, तोच जुना स्विच, तर आता बटण वर केलं की दिवा लागतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो "असंच असतं".

खटपट_राव:
असंच नसतं. बाजूच्या दोन स्क्रूंपैकी चुकीच्या स्क्रूत वायर आहे. मेन पाडून ती शेजारच्या स्क्रूत घातली की खाली म्हणजे चालू. किंवा स्विचचा तुकडा प्लेटमधून काढून उलटा बसवा. दोन मिनिटांचं काम.

सोलापुरी_चादर:
आणि एलईडी बंद असताना मंद मंद पेटत असेल तर तोही याच धाग्यात विचारून घ्या. आमच्याकडे होत होतं. स्विच बंद, तरी रात्री बल्ब काजव्यासारखा. एक वायर "सोडली" म्हणाला होता, पण उशाकडूनच सोडली होती, दाराच्या स्विचवर तशीच होती. स्विच बंद केला की दिवा त्या रिकाम्या वायरीला जोडला जायचा, ती पाइपात जिवंत वायरीला चिकटून पळतेय, आणि एलईडीला तेवढं पुरतं. जुन्या साठ वॅटच्या बल्बला पत्ताही लागला नसता. दाराच्या स्विचमधून ती वायर काढली, बंद.

आबा_सांगलीकर:
म्हणूनच दोन्ही टोकांनी सोडायची असते. खटपट रावांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय, पण ते वाक्य कुणी वाचत नाही.

रानजाई:
अपडेट. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, परवाना आहे, धागा दाखवला. आधी हसला, मग आबांचा प्रतिसाद पूर्ण वाचला आणि म्हणाला, "हे कोण आहेत? बरोबर लिहिलंय." त्याने टेस्टर लावून सांगितलं, वायरिंग सरळ आहे, दोन्ही लाल एकाच एमसीबीवर आहेत, दिव्याची न्यूट्रलही त्याच सर्किटची आहे, आणि उशाची लाल तिथेच संपते, पुढे कुठे जात नाही. प्राध्यापक_नाहींचा मार्ग घेतलाय. दाराच्या बोर्डवर पंख्याच्या फेजवरून दिव्याच्या स्विचला लूप, उशाची लाल छताच्या जंक्शनमध्येच सोडवून टोपी घातली, जुन्या डब्यावर ब्लँक प्लेट. तरी सुताराकडून प्लायला खिडकी करून घेतली. त्याने खूप कुरकुर केली.

पण कावेरीताईंचा प्रतिसाद नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला आणि पुढचं ठरलं. दाराच्या बोर्डपासून नव्या उशापर्यंत केसिंग-कॅपिंग, तिथे टू-वे आणि एक सॉकेट. म्हणजे टू-वे काढायचा धागा काढून टू-वेच केला. सासूबाईंनी एवढंच विचारलं की पट्टीच्या कडेवर धूळ बसेल ती कोण पुसणार.

चहा_बिस्किट:
सासूबाईंना पुन्हा +१.

गच्चीवरचा:
आबा आहेत तोवर विचारतो. आमच्या सोसायटीच्या जिन्याला चार मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावरून दिवे लावता-विझवता यायला हवेत. टू-वेने होईल का?

आबा_सांगलीकर:
दोन टोकांना टू-वे आणि मधल्या प्रत्येक मजल्यावर चार स्क्रूंचा इंटरमीडिएट स्विच. होतं. पण चार मजल्यांना तेवढ्या वायरी ओढण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर हालचालीवर लागणारा सेन्सर स्वस्त पडेल. वेगळा धागा काढ, आणि जिन्याचे दिवे सोसायटीच्या मीटरवर आहेत की कुणाच्या घरच्या, ते आधी लिही. अर्ध्या इमारतींत तिथेच भांडण असतं.